घरचा बोलपट : डीव्हीडी की ब्लू-रे?

आमच्या इंदुरातील जुन्या मराठी घरांतून हल्ली एक प्रश्न वरचेवर कानी येतो. कपाटात डीव्हीडींची चळत आहे, मुलाने मोठा टीव्ही आणून भिंतीवर टांगला आहे, आणि त्यावर जुना बोलपट लावावा तर चेहरे पुसट दिसतात. तेव्हा आता ब्लू-रेचे यंत्र घ्यावे काय? हा प्रश्न मला विचारण्याचे वस्तुतः काही कारण नाही. मी गाणे शिकवणारा माणूस. पण शिकवणीच्या खोलीत मी अधूनमधून बोलपट लावतो हे मंडळींस ठाऊक आहे, आणि दोन्ही तऱ्हेच्या तबकड्या शेजारी तानपुरा ठेवून मी पुष्कळदा पाहिल्या-ऐकल्या आहेत, एवढाच माझा अधिकार.

दोन्ही तबकड्या हातात घेतल्या तर डोळ्यांना फरक दिसत नाही. दोन्हींचा व्यास १२ सेंटिमीटर. डीव्हीडी १९९६ साली जपानात निघाली, ब्लू-रे २००६ साली बाजारात आली. डीव्हीडी वाचणारा लेसर-किरण तांबडा, ६५० नॅनोमीटरचा. ब्लू-रेचा निळसर जांभळा, ४०५ नॅनोमीटरचा. आपल्या घरांत मोडीची दप्तरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे चटकन उमगेल. बोरूचे टोक जाड असेल तर पानावर दहा ओळी मावतात, बारीक असेल तर वीस-पंचवीस. डीव्हीडीवरील दोन ओळींत ०.७४ मायक्रॉनचे अंतर असते, ब्लू-रेवर ०.३२. म्हणून तेवढ्याच तबकडीत डीव्हीडीवर एका थरात ४.७ आणि दोन थरांत ८.५ गिगाबाइट मावतात, ब्लू-रेवर २५ आणि ५०. मध्यंतरी तोशिबा कंपनीची एचडी डीव्हीडी नावाची प्रतिस्पर्धी तबकडीही होती. फेब्रुवारी २००८ मध्ये त्या कंपनीने ती सोडून दिली आणि रिंगणात ब्लू-रे एकटी उरली.

आता चित्राकडे येऊ. आपल्याकडील टीव्हीच्या जुन्या पाल पद्धतीची डीव्हीडी असेल तर एका चौकटीत ७२० गुणिले ५७६ ठिपके असतात, ब्लू-रेत १९२० गुणिले १०८०. गुणाकार केला तर बरोबर पाचपट. दुकानदार हे ‘पाचपट’ मोठ्या आवाजात सांगतो. तो खोटे सांगत नाही, पण आपण टीव्हीपासून किती लांब बसतो हे तो विचारत नाही. माणसाच्या डोळ्याला बारकावा दिसायला एक मर्यादा आहे. त्या हिशेबाने ४० इंची टीव्हीवर ब्लू-रेचा सगळा बारकावा पाहायचा तर सुमारे ५ फुटांवर बसावे लागते. दहा-अकरा फुटांवर सरकलात की चांगली डीव्हीडी आणि ब्लू-रे यांच्यातील भेद जवळजवळ मावळतो. आमच्याकडचे दिवाणखाने लांबरुंद. टीव्ही एका भिंतीला आणि आजोबांची आरामखुर्ची समोरच्या. अशा घरात आजोबांसाठी ब्लू-रे आणणे म्हणजे शेवटच्या रांगेतल्या श्रोत्याला गवयाच्या अंगठीचे खडे मोजायला सांगण्यासारखे आहे.

जवळ बसणाऱ्याला मात्र फरक दिसतो, आणि तो कसा दिसतो हे मला सत्यजित राय यांच्या ‘जलसाघर’ने शिकवले. १९५८चा हा बंगाली चित्रपट २०११ साली अमेरिकेत क्रायटेरियन कंपनीने डीव्हीडी आणि ब्लू-रे अशा दोन्ही रूपांत काढला. तुलनेसाठी याहून सोयीचे काय? माझ्या पुतण्याने दोन्ही तबकड्या आणि त्या चालतील असे यंत्र तिकडून आणले. (यंत्र कशासाठी, ते पुढे सांगतो.) जमीनदारी बुडालेली, घर पोखरलेले, आणि तरीही एक शेवटचा जलसा करायचाच या हट्टाला पेटलेला जमीनदार छबी विश्वास यांनी उभा केला आहे. वडील होळकर दरबाराच्या चाकरीतील अगदी शेवटच्या तबलजींपैकी. १९४८ साली संस्थान विलीन झाले तेव्हा ते अठरा वर्षांचे होते आणि मी त्यांच्या उतारवयातला. त्यामुळे तो रिकामा महाल मला परका नाही. डीव्हीडीवर त्यातील झुंबर म्हणजे उजेडाचा एक घोस दिसतो. ब्लू-रेवर त्याचे लोलक सुटे होतात. जमीनदाराच्या तसबिरीवर कोळी चालतो तेव्हा त्याचे पाय दिसतात. बेगम अख्तर गायला बसल्या की काळ्या-पांढऱ्या रंगांमधल्या करड्या छटा इतक्या निघतात, की रंग नसल्याची आठवण राहत नाही.

पण ही करामत नुसत्या ब्लू-रेची नव्हे. मूळ फिल्मवरून कोणी निगुतीने नवी प्रत उतरवली, म्हणून तबकडीला दाखवायला काही मिळाले. जुनी, झिजलेली प्रत तशीच ब्लू-रेवर चढवली तर ओरखडेच पाचपट स्पष्ट दिसतील. याच्या उलट दोष म्हणजे अतिस्वच्छता. फिल्मला स्वतःचे बारीक रवे असतात. ते ‘घाण’ समजून यंत्राने पुसून टाकले की माणसांचे चेहरे मेणाचे होतात. तसे चित्र दिसले तर तबकडी ब्लू-रे असली तरी तिचा मान ठेवण्याचे कारण नाही. आणखी एक विनंती. जुने बोलपट चारास तीन या मापाचे आहेत. टीव्हीच्या दोन्ही बाजूंस काळे पट्टे राहतात म्हणून चित्र ताणून पडदा भरू नये. नायिका निष्कारण लठ्ठ होते.

एका तबकडीवर तीन-तीन चित्रपट कोंबण्याची जी रीत आपल्या बाजारात पडली, तिने डीव्हीडीचे नाव उगाच बद्दू केले. अडीच तासांचा एकच चित्रपट ८.५ गिगाबाइटमध्ये मांडला तर सेकंदाला सुमारे साडेसात मेगाबिट त्याच्या वाट्याला येतात. तीन कोंबले तर अडीच. गर्दीच्या प्रसंगी चित्राचे चौकोनी तुकडे पडतात ते यामुळे. एकेकट्या चित्रपटाची नीट केलेली डीव्हीडी मी आजही आनंदाने पाहतो.

आता माझ्या विषयाकडे वळतो, कारण ज्या फरकाबद्दल कोणी बोलत नाही तो स्वरात आहे. फिल्म सेकंदाला २४ चौकटींनी धावते. पाल पद्धत २५ चौकटींची. तेव्हा डीव्हीडी करताना सोपा मार्ग असा, की सगळा चित्रपट किंचित जलद पळवायचा. अडीच तासांचा चित्रपट १४४ मिनिटांत संपतो, आणि आवाज मुद्दाम खाली ओढून घेतला नसेल तर सूर सुमारे पाऊण अर्धस्वराने चढतो. काळी एकमधले गाणे काळी एकच्या पुढे आणि पांढरी दोनच्या अलीकडे, कुठल्याच पट्टीत नसलेल्या जागी जाऊन बसते. माझी एक विद्यार्थिनी अशाच तबकडीवरून जुने गाणे उचलत होती. अर्ध्या तासाने रडवेली होऊन म्हणाली, “गुरुजी, पेटी उतरली आहे की माझा कान?” पेटी ठीक होती, कानही ठीक होता. पेटी बंद करून तानपुरा तबकडीला मिळवला तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

अमेरिकी पद्धतीच्या डीव्हीडीत सूर बहुतांशी जागेवर राहतो, पण चाल अडखळते. तेथे सेकंदाला ६० अर्ध्या चौकटी लागतात, म्हणून २४चे वाटप करताना एक चौकट दोनदा, पुढची तीनदा अशी दाखवतात. कॅमेरा सावकाश फिरू लागला की चित्र किंचित ठेचकाळते. तबलजीने सम चुकवली नाही, पण मधले बोल पुढेमागे टाकले, तसे. ब्लू-रेवर चित्रपट त्याच्या मूळच्या २४ चौकटींनी ठेवता येतो. लय आणि सूर दोन्ही आपापल्या घरी. माझ्या दृष्टीने ब्लू-रे घेण्याचे सर्वांत मोठे कारण हेच, ठिपके नंतर.

आवाजाच्या साठवणीतही भेद आहे. डीव्हीडीवर बहुधा डॉल्बी पद्धतीने आवाज दाबून भरतात आणि कानाला कळणार नाही असे समजून काही भाग गाळतात. ब्लू-रेवर काहीही न गाळता मूळ ध्वनी ठेवण्याची सोय आहे. हे ऐकून १९५२चा ‘बैजू बावरा’ ब्लू-रेवर दुप्पट गोड लागेल असे मात्र समजू नका. आमच्या इंदूरचे अमीर खाँसाहेब आणि दत्तात्रेय विष्णु पलुसकर त्यात गायले आहेत. पण त्या काळच्या फिल्मच्या कडेला असलेल्या ध्वनिपट्टीत जेवढे मावले तेवढेच आज मिळणार. शिवाय सरसर घालवण्याच्या नादात तंत्रज्ञ तानपुऱ्याची जवारीच खरवडून टाकतात असे कित्येकदा घडते. मला सरसर चालेल.

आणि टीव्हीचे स्वतःचे कर्णे! पुरुषी गळ्याच्या, काळी एकला लावलेल्या तानपुऱ्याचा खर्ज सुमारे ७० हर्ट्झवर असतो. पातळ टीव्हीतल्या इवल्या कर्ण्यांना तो पेलत नाही. ज्यांच्याजवळ एकाच वस्तूपुरते पैसे आहेत त्यांनी ब्लू-रेचे यंत्र पुढे ढकलावे आणि दोन चांगले स्पीकर घ्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

यंत्राची गोष्ट राहिली. तबकड्यांना मुलुखाची बंधने असतात. डीव्हीडीच्या वाटणीत भारत पाचव्या विभागात आणि अमेरिका पहिल्या. ब्लू-रेत आपण ‘सी’, ते ‘ए’. तिकडून नातेवाइकांनी हौसेने आणलेली तबकडी येथील यंत्रात बहुधा मुकी राहते, म्हणून विचारून आणावी. ब्लू-रेच्या यंत्रात डीव्हीडी चालते, डीव्हीडीच्या यंत्रात ब्लू-रे चालत नाही. तेव्हा जुने यंत्र बिघडलेच असेल तर नवे घेताना ब्लू-रेचे घ्यावे. पण घाई करावी, कारण हा बाजार आवरत चालला आहे. सॅमसंगने अमेरिकेत नवी यंत्रे आणणे २०१९ साली थांबवले. कोऱ्या ब्लू-रे तबकड्या करणे सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केले.

मराठी चित्रपट ब्लू-रेवर सहसा मिळत नाहीत. म्हणजे आपल्या कपाटातील मराठी डीव्हीडी, पुसट का होईना, पुष्कळदा घरातली एकमेव प्रत असते. ती नव्या टीव्हीच्या कौतुकात रद्दीवाल्याकडे जाऊ देऊ नये.

त्याहून नाजूक जिन्नस म्हणजे घरी भरलेल्या तबकड्या : लग्ने, मुंजी, गणेशोत्सवातल्या बैठका. कारखान्यात ठोकलेल्या डीव्हीडीवर खुणा उमटवलेल्या असतात. घरी भरलेलीवर त्या रंगद्रव्यात जाळलेल्या असतात, आणि ते द्रव्य उन्हाने, दमटपणाने विटते. माझ्याजवळ अशी एक आहे. १९९१ साली रामबागेतल्या एका घरी वडिलांनी तीनतालात तासभर वाजवले, त्याची व्हीएचएस फीत कोणी केली आणि पुढे ती डीव्हीडीवर उतरवली. ब्लू-रे यंत्रात घातली तरी वडिलांचा चेहरा धुरकटच दिसतो. फितीत नव्हते ते यंत्र कोठून आणणार? डाव्या हाताचा घिस्सा मात्र नव्या स्पीकरांवर प्रथमच पुरा ऐकू आला. मागच्या दिवाळीत तिची एक प्रत हार्ड डिस्कवर घेतली, आणि दुसरी ग्वाल्हेरला थोरल्या बहिणीकडे पाठवली.