छिद्रान्वेषणाची विद्या

ज्या मुलखातील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून पोलादाची कांब यंत्रात धरून तुटेपर्यंत ताणून पाहिल्यावाचून स्थापत्याच्या विद्यार्थ्याचे शिक्षण पुरे झाले असे कोणी मानीत नाही, त्याच मुलखात संगणकाच्या विद्यार्थ्यास स्वतःचा प्रोग्राम फोडून पाहण्याची मुभा असावी की नसावी, यावर अभ्यासमंडळांच्या बैठकांतून वर्षानुवर्षे खल चालावा, हे मला सेवेच्या आरंभापासून आज कोरेगावी निवृत्तीत बसलो असतानाही उमगलेले नाही. अभियांत्रिकी शिक्षणाची परंपरा येथे जुनी आहे : सांगलीचे वालचंद महाविद्यालय १९४७ चे, कऱ्हाडचे शासकीय महाविद्यालय १९६० चे, साताऱ्याचे कर्मवीर भाऊराव पाटील महाविद्यालय १९८३ चे. संगणक या परंपरेत उशिरा आला, आणि त्याची सुरक्षितता तर त्याहूनही उशिरा.

संगणक-सुरक्षेच्या अभ्यासक्रमाचा मोठा भाग सांकेतिक लेखनाच्या गणिताने व्यापलेला असतो. १९७७ सालची आरएसए पद्धती, फायरवॉलचे प्रकार, व्हायरसांचे वर्गीकरण, हे सारे आवश्यक आहे. परंतु त्यावर पुस्तके विपुल आहेत आणि विद्यार्थी ते परीक्षेपुरते पाठ करतात, म्हणून त्यात वाचकांस गुंतवीत नाही.

माझा जीव ज्यात गुंतला तो विषय स्टॅकचा, म्हणजे चालत्या प्रोग्रामच्या तात्पुरत्या नोंदी आणि परतीचे पत्ते जेथे राहतात त्या स्मृतीचा. २ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेल्या वर्मने, म्हणजे आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रामने, अमेरिकेतील हजारो यंत्रे जायबंदी केली. त्याच्या वाटांपैकी एक ‘फिंगर’ या निरुपद्रवी सेवेतून जात होती. त्या सेवेने येणाऱ्या मजकुरासाठी ५१२ बाइटांची जागा राखून ठेविली होती, आणि ‘गेट्स’ हे सी भाषेतील फंक्शन मजकुराच्या लांबीची चौकशी न करता तो जसाच्या तसा आत घेत असे. ५३६ बाइटांचा मजकूर आला, तेव्हा तो राखीव हद्द ओलांडून परतीच्या पत्त्यावर जाऊन बसला, आणि काम आटोपून मूळ ठिकाणी परतण्याऐवजी प्रोसेसर आगंतुकाच्या आज्ञा पाळू लागला. हे फंक्शन सी भाषेच्या प्रमाणातून हद्दपार होण्यास २०११ साल उजाडावे लागले.

हे फळ्यावर सांगता येते, पण सांगून उमजत नाही. म्हणून बाहेरच्या नेटवर्कची तार काढून ठेवलेल्या प्रयोगशाळेत मी विद्यार्थ्यांना त्यांनीच लिहिलेला गुणपत्रकाचा प्रोग्राम उघडावयास लावीत असे आणि नावाच्या रकान्यात इंग्रजी कॅपिटल ‘ए’ हे अक्षर भरीत जावयास सांगत असे. प्रोग्राम कोसळे, डिबगरमध्ये परतीच्या पत्त्याच्या जागी ४१४१४१४१ हे आकडे उमटत, आणि ४१ हा त्याच ‘ए’चा हेक्साडेसिमल संकेतांक आहे हे ध्यानी येताच, ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ला आजवर कंपायलरची लहर समजणारा विद्यार्थी ताठ बसे. त्यानंतर परतीच्या पत्त्यावर पहारा ठेवणारी स्टॅक कॅनरी कशासाठी, स्मृतीतील पत्त्यांची सरमिसळ कशासाठी, हे त्याला निराळे शिकवावे लागत नसे. ज्या सातारा जिल्ह्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ म्हणून हाताच्या श्रमाला विद्येच्या पंगतीस बसविले, तेथे याहून स्वाभाविक अध्यापनपद्धती मला दुसरी दिसत नाही.

‘आपण मुलांना चोरीची तालीम देत आहोत,’ असा आक्षेप काही विद्वान सहकारी घेत. लंडनच्या १८५१ च्या महाप्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज नावाच्या अमेरिकन कारागिराने ब्रामाचे अजिंक्य समजले जाणारे कुलूप उघडून दाखविले, तेव्हाही हीच ओरड झाली होती. आणि १८८३ साली सांकेतिक लेखनाचा अभ्यासक केर्कहॉफ्स याने, प्रणालीची रचना शत्रूच्या हाती पडली तरी ती सुरक्षित राहिली पाहिजे, असे लिहून तिचे उत्तर दिले. परवानगीवाचून दुसऱ्याच्या यंत्रात शिरणे हा २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३ व ६६ या कलमांचा विषय आहे, हे पहिल्याच तासाला शिकवावे, मॉरिसवर खटला होऊन त्याला शिक्षा झाली हेही सांगावे. परंतु कायद्याचा धाक ज्ञानाच्या जागी बसवू नये.

अज्ञानाची किंमत पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या प्रकरणाने दाखविली. ऑगस्ट २०१८ मध्ये तीन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले. त्यांपैकी ७८ कोटी बनावट कार्डांनी २८ देशांतील एटीएममधून निघाले. खात्यात रक्कम आहे काय, ही विचारणा बँकेच्या मूळ प्रणालीपर्यंत पोहोचलीच नाही. मध्येच उभ्या केलेल्या बनावट स्विचने परस्पर होकार दिला. समोरून जे येईल त्याची खातरजमा न करता त्यावर विश्वासणे, हा ‘फिंगर’चा दोष येथे निराळ्या वेषात पुन्हा उभा राहिला.

आज साधने उदंड झाली आणि जिज्ञासा आटली. तयार स्कॅनर चालवावा, त्याने छापलेला अहवाल बांधून प्रकल्प म्हणून सादर करावा, एखादे प्रमाणपत्र भिंतीवर लावावे, आणि ज्या छिद्राचे नाव अहवालात आहे ते का पडले असे विचारता मौन धरावे, असे विद्यार्थी मौखिक परीक्षेत मला वाढत्या संख्येने भेटत गेले. पायथनसारख्या भाषांनी स्मृतीची व्यवस्था विद्यार्थ्याच्या नजरेआड केली, याला माझा विरोध नाही. परंतु २०१४ साली ‘हार्टब्लीड’ नावाच्या छिद्राने जगभरच्या सर्व्हरांतून गुपिते बाहेर काढली, तीही पाठविणाऱ्याने सांगितलेली लांबी न तपासल्यामुळेच, हे त्यांना कोणी तरी सांगितले पाहिजे.

आपल्या तालुक्यांतील पतसंस्था, दूधसंघ आणि साखर कारखाने यांचे हिशेब ज्या प्रोग्रामांच्या हवाली झाले आहेत, ते लिहिणारे अनेक हात आपल्याच वर्गांतून बाहेर पडतात. आणि पतसंस्थेच्या ठेवीदाराला वकील नेमून कोणाशी भांडण्याची ऐपत नसते. म्हणून माझी मागणी जुनीच आहे व ती मी सोडणार नाही : सी भाषेच्या प्रात्यक्षिकाचे निम्मे गुण प्रोग्राम लिहिण्याला द्यावेत, आणि उरलेले निम्मे तो स्वतः फोडून, फुटण्याचे कारण लेखी मांडून, पुन्हा बुजविण्याला.