मेटल डिटेक्टर शेतातून घरी आणलात? कोपऱ्यात टाकण्याआधी हे करा

रोटाव्हेटरचं तुटलेलं पातं मातीत गेलं, जुन्या लोखंडी पाइपलाइनचा व्हॉल्व्ह कुठे गाडला ते आठवेना, भात कापताना बोटातली अंगठी पडली. अशा वेळी मेटल डिटेक्टर कामाला येतो. पण काही हजार रुपयांचं हे मशीन शेतात कमी आणि घरी आणून ठेवल्यावर जास्त बिघडतं. (गुप्तधनासाठी घेतलं असेल तर एक लक्षात ठेवा. जमिनीत दडवलेला 10 रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ऐवज सापडला, तर 1878 च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं.)

खालच्या गोल तबकडीला कॉइल म्हणतात. तिच्यात तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. बहुतेक मॉडेलमध्ये कॉइल पाण्यात चालते, पण वरचा बटणांचा डबा चालत नाही. त्यामुळे सर्व्हिसिंग सेंटरवर गाडी धुतात तसा प्रेशरचा फवारा मारू नका. ओल्या फडक्याने पुसा. रॉकेल, पेट्रोल, थिनर तर नकोच, प्लास्टिक खराब होतं. कॉइलखाली कव्हर असेल तर ते काढून आतली माती धुवा. आपल्या काळ्या आणि तांबड्या मातीत लोहाचे कण असतात. ते कव्हरमध्ये साचले की मशीन उगाच बीप देतं आणि आपण रिकामे खड्डे खणत बसतो. कोकणात समुद्रकिनारी वापरलं असेल तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने कॉइल आणि दांडा धुवा. मीठ थांबत नाही.

सगळ्यात जास्त नुकसान सेलमुळे होतं. काम झालं की पेन्सिल सेल बाहेर काढाच. आत राहिले तर ते पाझरू शकतात, पट्ट्यांवर पांढरी पूड धरते आणि मशीन सुरूच होत नाही. सेलवर अल्कलाइन लिहिलेलं असेल तर कापसाच्या बोळ्यावर थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घ्या. साधे स्वस्तातले झिंक-कार्बन सेल असतील तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून घ्या. हळूच पुसा, मग किंचित ओल्या फडक्याने साफ करून पूर्ण वाळवा. हातात मोजे घाला आणि तो हात डोळ्याला लावू नका. चार्जिंगची लिथियम बॅटरी असेल तर साधारण अर्धी भरलेली ठेवा. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये किंवा ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये मशीन अजिबात नको.

वायर दांड्याभोवती गुंडाळलेली असावी, लोंबकळू नये. कॉइलजवळ मात्र थोडी ढील द्या. प्लग हातानेच घट्ट करा, पक्कड लावू नका. मशीन चालू करून वायर हलवा. हलवल्यावर बीप आला तर दोष वायरीत किंवा प्लगमध्ये आहे.

कॉइल धरून ठेवणारा प्लास्टिकचा बोल्ट तुटला की हार्डवेअरच्या दुकानातला लोखंडी बोल्ट बसवण्याचा मोह होतो. तसं केलं की मशीनला कायम तोच बोल्ट सापडत राहतो.

पुढच्या वेळी नेण्याआधी अंगणात तपासून घ्या, पण रुपयाच्या नाण्यावर नको. हल्लीचं नाणं चुंबकाला चिकटणाऱ्या स्टीलचं असतं. लोखंड वगळण्याची सेटिंग चालू असेल तर मशीन ते सोडून देऊ शकतं आणि चांगलं मशीन बिघडलंय असं वाटतं. तांब्याचा किंवा पितळेचा तुकडा घ्या आणि किती अंतरावरून आवाज येतो ते एकदा लिहून ठेवा. पुढे ते अंतर कमी झालं तर आधी सेल बदलून बघा.

सेलच्या पट्ट्या गंजल्या असतील तर मोबाइल दुरुस्तीवालाही नीट करून देतो. कॉइलला चीर पडली तर मात्र मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे नेऊ नका. तिची वेटोळी त्या मशीनच्या मापाचीच लागतात आणि आतून ती बहुधा रेझिनमध्ये पक्की बसवलेली असतात. त्याच मॉडेलची नवी कॉइल मागवणंच परवडतं.