मांडवातला फैसला

मराठी रंगभूमीवरील शेक्सपिअरचा आढावा घेणारे बहुतेक लेखक महादेवशास्त्री कोल्हटकरांच्या १८६७ च्या 'ऑथेल्लो'पासून निघतात आणि 'विकारविलसित', 'त्राटिका' असे मुक्काम करीत शिरवाडकरांच्या 'राजमुकुटा'पाशी विसावतात. तो रस्ता पुन्हा तुडविण्याचे येथे प्रयोजन नाही. मला सांगावयाचे आहे ते स्त्रीच्या अब्रूवर घेतल्या जाणाऱ्या संशयाविषयी. देवलांनी या एकाच विकाराची दोन टोके दाखविली : 'झुंझाररावा'त तो पत्नीचा प्राण घेतो, तर १९१६ च्या 'संशयकल्लोळा'त हशा पिकवून विरून जातो. या दोहोंच्या मधोमध 'मच अ‍ॅडो अबाउट नथिंग' या सुखात्मिकेचा चौथा अंक उभा आहे, आणि त्याची आमच्याकडे व्हावी तशी कदर झाली नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.

मेसिनाच्या गव्हर्नराची कन्या हीरो वधूवेषात उभी असता, आदल्या रात्री खिडकीशी पाहिलेल्या एका बनावट देखाव्याच्या भरवशावर तिचा नियोजित वर क्लॉडिओ तिला सर्वांदेखत व्यभिचारिणी ठरवितो, राजपुत्र डॉन पेड्रो त्याची साक्ष देतो, आणि ज्याने पाठीशी उभे राहावयाचे तो जन्मदाताच तिच्या मरणाची इच्छा करू लागतो. कारस्थान डॉन पेड्रोचा सावत्र भाऊ डॉन जॉन याचे खरे; परंतु फैसला दिला तो प्रतिष्ठितांनी, आणि तिच्या नकाराला कोणी पुराव्याचा मान दिला नाही.

काही विद्वानांच्या मते या नाटकाचे सर्वस्व म्हणजे हीरोची नात्यातील बहीण बिअ‍ॅट्रिस आणि बेनेडिक यांची शाब्दिक जुगलबंदी, आणि हीरोचे कथानक ही निव्वळ अडगळ. हे मत मला सर्वस्वी अमान्य आहे. त्या दोघांनी परस्परांवरील प्रेमाची कबुली कोठे दिली? हीरोची विटंबना होऊन वऱ्हाड पांगल्यावर, त्याच चर्चमध्ये! बिअ‍ॅट्रिसच्या शब्दाखातर बेनेडिक आपल्या जिवलग मित्राला, क्लॉडिओला, द्वंद्वाचे आव्हान देतो, तेव्हाच त्याच्या प्रेमाला वजन येते. कलंकित ठरविलेल्या व्यक्तीच्या बाजूने, पुरावा हाती येण्यापूर्वी, उभे राहणे हीच या नाटकातील प्रीतीची कसोटी आहे.

पिंपरीकरांना हा अंक परका वाटण्याचे कारण नाही. येथील भाटनगरात कंजारभाट समाजाची वस्ती आहे, आणि नववधूच्या कौमार्याची परीक्षा घेऊन पांढऱ्या चादरीच्या आधारे नवऱ्याने जातपंचायतीपुढे निर्वाळा द्यावयाचा, ही त्या समाजातील रूढी. तिच्याविरुद्ध त्याच समाजातील तरुण-तरुणींनी मोहीम उभारली. जानेवारी २०१८ मध्ये भाटनगरातील एका लग्नप्रसंगी त्यांच्यापैकी काहींना मारहाण झाली; तरीही ती मुले मागे हटली नाहीत, आणि त्यांच्यातील एकाने त्याच वर्षी ही परीक्षा नाकारून विवाह केला. सामाजिक बहिष्काराविरुद्ध राज्याने २०१६ साली कायदा केला, तो हवाच होता. परंतु वधूचा न्यायाधीश होण्यास वराने नकार देणे ही कोणत्याही कायद्याच्या आधीची गोष्ट आहे. क्लॉडिओला जे सुचले नाही, ते या तरुणाला सुचले.

असे नाटक करावयाचे कोणी? कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धांसाठी येथील कारखान्यांतील मंडळी पहिली पाळी संपवून, डबा रिकामा करून थेट तालमीला येत, ते दिवस मी पाहिले आहेत. आज चाकणच्या कारखान्यात कंत्राटावर राबणाऱ्या मुलाला पुढल्या महिन्याच्या हजेरीचीच शाश्वती नाही. त्याने दीर्घ तालमीचा वायदा कशाच्या भरवशावर करावा? नोकरीची कायमी गेली आणि तिच्याबरोबर कामगाराची हक्काची संध्याकाळही गेली, याचे मला मनस्वी दुःख होते.

तरीही पिंपरीच्या आचार्य अत्रे रंगमंदिरात हे नाटक मराठीत व्हावे, असा माझा आग्रह आहे. मात्र हीरोला अखेर त्याच क्लॉडिओच्या हाती सोपविताना दिग्दर्शकाने मंगलाष्टकांची घाई करू नये. क्लॉडिओने प्रायश्चित्त घेतले ते, ती मेली असे समजून, तिच्या मानीव थडग्यापुढे. जिवंत हीरोची क्षमा त्याने कधीच मागितली नाही, हे प्रेक्षकाला स्पष्ट दिसले पाहिजे.