छतावरील धुराचा गजर आणि त्याची तार

कामधंद्यासाठी इंग्लंडला गेलेली आपल्या ओळखीची मंडळी, विशेषतः गोव्याकडून स्विंडनला जाऊन स्थायिक झालेली कुटुंबे, सुटीवर आली की एक गोष्ट हसत हसत सांगतात. तेथे माशांची फोडणी जराशी करपली की छतावरची पांढरी वाटोळी डबी किंकाळ्या फोडू लागते. मग घरातला कोणीतरी स्टुलावर चढतो आणि तिच्यावर प्लास्टिकची पिशवी बांधून मोकळा होतो. हसण्याजोगी गोष्ट खरी, पण ती पिशवी तशीच राहिली तर पुढे रडण्याची पाळी येऊ शकते. आता आपल्याकडेही नवी घरे बांधणारे लोक ही डबी बसवून घेऊ लागले आहेत. तेव्हा तिची जोडणी कशी असावी हे वाचकांनी समजून घ्यावे.

आगीत माणूस भाजून मरतो अशी आपली समजूत असते. वास्तविक पुष्कळदा तो आधी धुराने गुदमरतो. कोलकत्यातील एका रुग्णालयाच्या तळघरात ९ डिसेंबर २०११ रोजी पहाटे आग लागली. ज्वाळा वरच्या मजल्यांपर्यंत पोहोचल्याही नाहीत, पण धूर पोहोचला. नव्वदच्या आसपास माणसे दगावली, आणि त्यांतील बहुतेक गुदमरून. धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि तो झोपलेल्या माणसाची झोप अधिकच गाढ करतो. धुराच्या वासाने जाग येईल या भरवशावर कोणी राहू नये. झोपेत नाकाचा भरवसा नाही. कान मात्र जागा असतो.

डबीच्या आत एक काळोखी कप्पी असते. तीत प्रकाशाचा किरण सोडलेला असतो, पण तो समोरच्या टिपणाऱ्या डोळ्यावर पडू नये अशी रचना केलेली असते. धूर आत शिरला की त्याच्या कणांवर आपटून प्रकाश विखुरतो, डोळ्यावर पडतो आणि भोंगा वाजतो. दुसऱ्या एका जातीत अमेरिशियम या किरणोत्सर्गी धातूचा अतिसूक्ष्म अंश वापरतात, परंतु घरासाठी प्रकाशाची जात बरी. ती धुमसणाऱ्या गादीचा धूर लवकर ओळखते. स्वयंपाकघरासाठी तिसरी जात आहे. ती धुराकडे पाहत नाही, फक्त उष्णता पाहते आणि सुमारे ५८ अंश सेल्सिअसला वाजते. मिरच्या भाजणाऱ्या घरात हीच हवी. स्विंडनच्या मंडळींच्या पिशवीवरही खरा उपाय हाच आहे.

नुसत्या बॅटरीवर चालणारा गजर स्वस्त पडतो. पण बॅटरी संपली की तो मिनिटा-मिनिटाला टिक् करतो, कोणीतरी वैतागून ती काढून टाकतो आणि नवी घालायची राहून जाते. म्हणूनच इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९२ पासून नव्या घरांना मेनच्या विजेवर चालणारे गजर आवश्यक झाले. स्कॉटलंडने १ फेब्रुवारी २०२२ पासून जुन्या घरांनाही एकमेकांशी जोडलेले गजर लागू केले. मेनवरच्या गजरातही आत बॅटरी असतेच, आणि ती असलीच पाहिजे. आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही. शिवाय वायरिंगमुळे लागलेल्या आगीत फ्यूज सर्वांत आधी जातो.

आता मुख्य मुद्दा. गजराकडे जाणारा फेज कोणत्याही बटनातून जाऊन येता कामा नये. इंग्लंडमधील घरांत दिव्याच्या तारा बहुधा छतातील सीलिंग रोजमध्येच एकत्र येतात. तेथे न्यूट्रल, बटनातून परत आलेला फेज आणि बटनाशी संबंध नसलेला कायमचा फेज, असे तिन्ही हाताशी असतात. आपल्याकडची पद्धत निराळी. फेज आधी भिंतीवरच्या स्विचबोर्डात येतो, बटनातून जातो आणि मग दिव्याकडे चढतो. छतातील होल्डरपाशी दोनच तारा असतात, बटनाचा फेज आणि न्यूट्रल. कायमचा फेज तेथे नसतोच. वायरमनने दिव्यापासून हातभर तार ओढून गजर जोडला, तर दिवा लावलेला असेपर्यंत डबीवरचा हिरवा ठिपका लागतो, सर्वांना समाधान वाटते आणि वायरमन पैसे घेऊन जातो. रात्री दिवा मालवला की गजरही मेनपासून तुटतो. ज्या वेळी तो खरा हवा, नेमक्या त्याच वेळी तो बॅटरीवर जगतो. असे रोज झाले की बॅटरीही लवकर थकते.

म्हणून स्विचबोर्डात बटनाच्या आधीच्या फेजवरून स्वतंत्र तार वर न्यावी लागते. पाईप भिंतीत गाडण्यापूर्वीच हे सांगितले तर खर्च किरकोळ, गिलावा झाल्यावर सांगितले तर भिंत फोडणे आले. काम नीट झाले की नाही हे घरातल्या कोणालाही तपासता येते. रात्री घरातील एकूण एक दिवे मालवावेत आणि छताकडे पाहावे. हिरवा ठिपका लागलेला दिसला पाहिजे.

ही तार थेट मेन बोर्डातील वेगळ्या एमसीबीवरून आणावी की दिव्यांच्या लाइनवरून घ्यावी? वेगळी लाइन ऐकायला भारदस्त वाटते. परंतु ती एकदा पडली की घरात कोणाला पत्ताही लागत नाही, आणि गजर त्रास देऊ लागला की तेवढाच एमसीबी खाली पाडून ठेवण्याचा मोह होतो. रोज वापरल्या जाणाऱ्या दिव्यांच्या लाइनवर गजर असला तर लाइन गेल्याचे अंधारच सांगतो, आणि गजर बंद करायला जाणाऱ्याला आधी स्वतः अंधारात बसावे लागते. ब्रिटिश पद्धतीत दोन्ही चालतात. लहान घरासाठी मला दिव्यांची लाइनच योग्य वाटते. घरात इन्व्हर्टर असेल तर त्यावरील दिव्यांची लाइन घ्यावी. मात्र फेज आणि न्यूट्रल दोन्ही त्याच लाइनचे हवेत. फेज इन्व्हर्टरचा आणि न्यूट्रल शेजारच्या लाइनचा असली उसनवारी केली तर आरसीसीबी पुन्हा पुन्हा पडतो.

गजर जवळजवळ काहीच वीज खात नाही. तरी तार १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याचीच घालावी. ती जाडी गजरासाठी नसते, एमसीबी पडेपर्यंत तारेने तग धरावा म्हणून असते. बहुतेक डब्यांना अर्थची गरज नसते, पण लाइनबरोबर आलेली अर्थची तार कापून न टाकता दिलेल्या रिकाम्या टर्मिनलमध्ये बंद करावी.

दोन किंवा अधिक गजर असतील तर त्यांच्यामध्ये आणखी एक तार लागते. एक वाजला की सगळे वाजावेत म्हणून ती असते. खालच्या खोलीतील आल्तारापुढची मेणबत्ती कलंडली, तर माडीवर झोपलेल्यांना खालचा एकटा गजर ऐकू येईलच असे नाही. या तारेवर दाब कमी असला तरी तिला मेनची तार समजूनच हाताळावे, आणि अर्थच्या हिरव्या तारेला या कामाला कधीही जुंपू नये. जोडायचे गजर एकाच कंपनीचे आणि एकाच लाइनवरचे असावेत.

जागेबद्दल थोडे. धूर छताला लागून पसरतो, पण कोपऱ्यात शिरत नाही. म्हणून भिंतीपासून आणि दिव्यापासून फूटभर तरी अंतर ठेवावे. पंख्याच्या पात्यांच्या टोकापासून तीन फूट दूर असावे, नाहीतर पंखा धुराला डबीपर्यंत पोहोचूच देत नाही. झोपण्याच्या खोल्यांबाहेरची वाट ही पहिली पसंती. कौलारू घरात छत नसेल तर आढ्याच्या अगदी टोकाशी हवा कोंडून राहते. तेथून चार इंच खाली, पण तीन फुटांच्या आत गजर बसवावा. ज्या घरात चूल पेटते आणि धूर कौलांतूनच बाहेर जातो, तेथे धुराचा गजर दिवसभर ओरडत राहील. त्या घराने तो पैसा जुने वायरिंग बदलण्यात घालावा हे बरे.

काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. मेन स्विच पाडला तरी इन्व्हर्टरची लाइन जिवंत असते, हे त्याला आठवण करून द्यायला संकोचू नये. टेस्टर आधी चालू सॉकेटवर तपासावा, मग कामाच्या तारेवर लावावा आणि पुन्हा सॉकेटवर. मेगर लावायचा असेल तर गजर आधी उतरवावेत, त्या दाबाने ते जळतात. अमेरिकेहून कोणी भेट म्हणून आणलेला गजर आपल्या लाइनवर लावू नये. तो १२० व्होल्टचा असतो. ब्रिटनचा २३० व्होल्टचा चालतो.

रंगकाम होईपर्यंत डबीवरचे प्लास्टिकचे टोपण काढू नये. नंतर मात्र ते काढलेच पाहिजे, आणि तेच नेमके विसरले जाते. महिन्यातून एकदा झाडूच्या दांड्याने बटन दाबून आवाज ऐकावा, कोळिष्टके मऊ ब्रशने झाडावीत. दहा वर्षांनी सबंध डबी बदलावी लागते, मग ती वाजत असली तरीही. ती वर चढवण्यापूर्वीच बसवल्याची तारीख तिच्या कडेला शाईने लिहून ठेवावी, म्हणजे खालून वाचता येते.