शिकत राहताना – लेखांक 7 : खलाशाचा कागद जगभर चालतो, तो का?

दाभोळ, गुहागर, जयगड. रत्नागिरीच्या या किनाऱ्यावर ‘मुलगा बोटीवर असतो’ हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. बोटीवर जाताना त्या मुलाकडे सीडीसी, म्हणजे खलाशाची अधिकृत नोंदपुस्तिका असते आणि तिच्या जोडीला काही छोटी प्रमाणपत्रं: समुद्रात जीव वाचवणं, आग विझवणं, प्रथमोपचार, स्वतःची सुरक्षितता आणि जबाबदाऱ्या, जहाजाचं संरक्षण. एकेक अभ्यासक्रम थोड्या दिवसांचा, पण नुसता फळ्यावरचा नाही. लाइफ जॅकेट घालून पाण्यात उडी मारायची, उलटलेला तराफा सरळ करायचा, धुरानं भरलेल्या खोलीत श्वसनयंत्र लावून शिरायचं.

हीच प्रमाणपत्रं सिंगापूरच्या किंवा रॉटरडॅमच्या बंदरातला तपासनीसही मानतो.

मायक्रो-क्रेडेन्शियल, म्हणजे अल्पमुदतीच्या शिक्षणाचा स्वतंत्र दाखला, देशोदेशी कसा मानला जावा, याचा खल आज जगभर चालू आहे. युरोपीय संघानं जून 2022 मध्ये त्याबाबत शिफारस स्वीकारली. उच्च शिक्षणाच्या पात्रतांना परस्पर मान्यता देणारा युनेस्कोचा जागतिक करार 2019 मध्ये मंजूर होऊन मार्च 2023 पासून लागू झाला. दर्यावर्दी मात्र या वाटेवर कितीतरी आधी निघाले, आणि ठेचाही त्यांनीच खाल्ल्या.

त्यांचा करार एसटीसीडब्ल्यू, म्हणजे खलाशांचं प्रशिक्षण, प्रमाणपत्रं आणि जहाजावरचा पहारा यांच्या मापदंडांचा करार. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं तो 1978 मध्ये केला. 1984 मध्ये तो अमलात आला. तोवर प्रत्येक देश आपापल्या मापानं खलाशी घडवत होता. करार झाला तरी मापं सारखी झाली नाहीत, कारण बऱ्याच ठिकाणी ‘संबंधित देशाच्या प्रशासनाचं समाधान होईल इतकं’ प्रशिक्षण एवढंच मोघम लिहिलं होतं. कोणाचं समाधान कशानं व्हावं, याला धरबंध नव्हता. 1995 मध्ये कराराची फेररचना झाली. प्रत्येक कामासाठी काय यायला हवं आणि ते करून कसं दाखवायचं, याचे तक्ते आले. प्रत्येक देशाला आपल्या प्रशिक्षणाची माहिती संघटनेकडे द्यावी लागली. ती तपासून 2000 च्या डिसेंबरात पात्र देशांची पहिली यादी निघाली. तिला ‘व्हाइट लिस्ट’ म्हणतात. 2010 च्या मनिला दुरुस्तीनं जीवरक्षण आणि अग्निशमन ही कौशल्यं शाबूत असल्याचा पुरावा दर पाच वर्षांनी देणं बंधनकारक केलं. चाळिशीतला सुकाणीही त्यासाठी पुन्हा प्रशिक्षण केंद्रात जातो. आयुष्यभर शिकण्याचं याहून रोखठोक उदाहरण मिळणं कठीण.

किनाऱ्यावरच्या इतर व्यवसायांना हे भाग्य अजून लाभलेलं नाही. भारताच्या 2023 च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात 30 तासांच्या शिक्षणाला एक क्रेडिट आणि वर्षाला 40 क्रेडिट धरली आहेत. युरोपात एक क्रेडिट 25 ते 30 तासांचं, पण वर्षाची क्रेडिट 60. एककं जवळपास सारखी, तरी आपलं वर्ष 1200 तासांचं आणि त्यांचं किमान 1500 तासांचं. महाराष्ट्रानं 2024 मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. तरी परिचारिकेला तिथे अधिकृत मान्यता मिळेपर्यंत पूर्ण दर्जाचं काम करता येत नाही. नुसत्या तासांच्या बेरजेनं भागत नाही. काय येतं ते दोन्हीकडे एकाच कसोटीवर तपासलं जायला हवं.

सर्वांत मोठा अन्याय रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या तांडेलावर, म्हणजे मच्छीमार बोटीच्या प्रमुखावर होतो. वारा, प्रवाह, खडक, मासळीचा माग हे सगळं त्याला ठाऊक, पण त्याच्या अनुभवाची नोंद कुठल्या कागदावर? मच्छीमार बोटींवरच्या माणसांसाठी वेगळा आंतरराष्ट्रीय करार 1995 मध्ये झाला. लागू व्हायला 2012 उजाडलं. पूर्वानुभव तपासून दाखला देण्याची सोय आपल्या कौशल्य व्यवस्थेत आहे. ती शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयासारख्या संस्थांच्या मदतीनं थेट बंदरावर आणली पाहिजे, परीक्षाही मराठीत आणि बोटीवरच घेतली पाहिजे.

आणि ज्या घरातला मुलगा आता बोटीवर जायला निघाला आहे, त्या घरानं पैसे भरण्याआधी दोन गोष्टी नक्की कराव्यात. नौवहन महासंचालनालयाच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत त्या प्रशिक्षण केंद्राचं नाव पाहावं आणि भरती करणाऱ्या एजंटाकडे आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा परवाना आहे का, ते तपासावं.