कॅन्सरची गोळी आमवाताला कशी?

आमच्या ओळखीच्या एक बाई बऱ्हाणपूरजवळ केळीच्या बागेत निंदणीला जात. त्यांच्या दोन्ही हातांची बोटे सुजू लागली. सकाळी तासभर मूठ वळेना. डॉक्टरांनी आमवात ठरवून मेथोट्रेक्झेट लिहून दिले. घरात कोणीतरी म्हणाले, “ही तर कॅन्सरची गोळी!” बाईंनी ती घेतलीच नाही. पुढे बोटे वाकडी झाली, ती आता सरळ व्हायची नाहीत. म्हणून या औषधाची हकिकत देत आहोत.

तिची सुरुवात मुंबईची आहे. १९२८ साली लुसी विल्स या इंग्रज डॉक्टरीणबाई तेथे आल्या. गिरणीकामगार वस्तीतील गरीब गरोदर बायांचे रक्त कमी होऊन त्या दगावत. विल्सबाईंना दिसले की यीस्टचा साधा अर्क, मार्माइट, दिल्यावर रक्त भरून येते. १९३१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्यातले गुणकारी द्रव्य म्हणजे फॉलिक अॅसिड. पालेभाजीत ते असते, आणि गरोदर बायांना आशाताई देतात त्या लोहाच्या गोळीतही असते.

नवी पेशी घडायला फॉलिक अॅसिड लागतेच, आणि कॅन्सरच्या पेशी तर भराभर वाढतात. तेव्हा आंध्रचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेने त्याचे हुबेहूब सोंग घेणारी द्रव्ये बनवली. बोगस खतासारखेच समजा: पोते तेच दिसते, पण पीक वाढत नाही. १९४८ साली डॉ. सिडनी फार्बर यांनी प्रसिद्ध केले की अशा द्रव्याने रक्ताच्या कॅन्सरच्या काही मुलांचा रोग काही काळ हटला. मेथोट्रेक्झेट याच कुळातले.

मेंदूच्या रक्तवाहिन्या औषधाला सहजी आत शिरू देत नाहीत. म्हणून मेंदूतील लिम्फोमा नावाच्या कॅन्सरवर हे औषध इस्पितळात शिरेतून, ग्रॅमच्या हिशेबाने देतात आणि मागोमाग ल्युकोव्होरिन हा उतारा देतात. मेंदूच्या सर्व गाठींना मात्र हे लागू नाही. ग्लायोमा या गाठीला शस्त्रक्रिया, किरण आणि दुसरी औषधे लागतात.

आमवाताची गोष्ट निराळी. त्यात शरीराचे राखणदारच सांध्याच्या अस्तरावर उलटतात. त्यांना मारायचे नसते, शांत करायचे असते. १९५१ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी या कुळातले औषध आमवातावर वापरून पाहिले. पण पुढे बराच काळ कोणी फारसे लक्ष दिले नाही. १९८८ साली तेथे मेथोट्रेक्झेटला आमवातासाठी सरकारी मान्यता मिळाली. मेंदूच्या मात्रेपुढे ही मात्रा शेकडो पटींनी लहान, साधारण ७.५ ते २५ मिलिग्रॅम, आणि तीही आठवड्यातून एकदाच.

हे ‘एकदाच’ घरातील सर्वांना माहीत असू द्या. रोज घेतल्यास तोंड सोलवटते, रक्तातील पेशी घटतात, माणूस दगावूही शकतो. एक वार ठरवावा. मिस्साचा रविवार धरला तर विसर पडत नाही. फॉलिक अॅसिडची गोळी डॉक्टर सांगतील त्या दुसऱ्या दिवशी घ्यावी. रक्त आणि यकृताची तपासणी चुकवू नये, दारूला शिवू नये. गरोदर बाईने किंवा मूल हवे असणाऱ्या बाईने हे औषध मुळीच घेऊ नये. ताप आला, तोंड आले, कोरडा खोकला येऊन दम लागला, तर पुढची गोळी न घेता आधी डॉक्टरांना दाखवावे.