एकच जंतू, दोन निकाल

रक्त मिसळलेल्या अगारवर न्यूमोकोकस वाढला की वसाहतींभोवती हिरवट कडा उमटते. त्या वसाहती नव्या अगारवर पसरून त्यावर चढत्या मात्रेची पेनिसिलिनची पट्टी ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी जंतूंची वाढ कुठल्या आकड्याशी थांबली ते वाचायचं. समजा, आकडा आला 0.5 मायक्रोग्रॅम. नमुना न्यूमोनियाच्या रुग्णाच्या रक्ताचा असेल, तर शिरेतून दिलेल्या पेनिसिलिनने हा जंतू मरेल, असा अहवाल जातो. तोच जंतू मेंदूज्वर झालेल्या बाळाच्या पाठीतून काढलेल्या पाण्यात सापडला, तर अहवाल म्हणतो, हा पेनिसिलिनला दाद देणार नाही. प्रयोगशाळांच्या अमेरिकी मानकांत 2008 पासून हे दोन निकष वेगळे आहेत.

याचं कारण मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या घट्ट भिंतीत आहे. रक्तातल्या पेनिसिलिनचा जेमतेम थोडा अंश तिच्या पलीकडे पोचतो. पलीकडच्या पाण्यात प्रतिपिंडंही फारशी नसतात, त्यामुळे मारण्याचं काम औषधालाच करावं लागतं. फुफ्फुसात खपून जाणारा किंचितसा प्रतिरोध इथे जिवावर बेततो. 1977 साली दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनमध्ये पेनिसिलिन आणि क्लोरॅम्फेनिकॉल या दोन्हींना न जुमानणारा न्यूमोकोकस मुलांमध्ये आढळला. त्यात मेंदूज्वराची मुलंही होती.

हा प्रतिरोध बव्हंशी उसना आहे. न्यूमोकोकस मुलांच्या नाकाघशात राहतो आणि शेजारच्या मेलेल्या जंतूंचा डीएनए उचलून आपलासा करतो. 1928 मध्ये फ्रेडरिक ग्रिफिथ यांना त्याची हीच खोड दिसली आणि तिचा माग काढताना 1944 मध्ये एव्हरी आणि सहकाऱ्यांनी आनुवंशिकता डीएनएत असते हे दाखवलं. पेनिसिलिन ज्या प्रथिनांना चिकटतं, त्यांच्या जनुकांत आता निरुपद्रवी शेजाऱ्यांचे तुकडे सापडतात. विषाणूमुळे झालेल्या साध्या सर्दीला दिलेलं प्रत्येक अँटिबायोटिक घशातल्या या उसनवारीला खतपाणी घालतं. मला यातली सर्वांत चीड आणणारी गोष्ट हीच वाटते, कारण ती टाळता येते.

आज मेंदूज्वराचा संशय येताच सेफ्ट्रियाक्सोनसोबत व्हँकोमायसिन सुरू करतात. पण व्हँकोमायसिनही मेंदूकडे नीट पोचत नाही आणि सूज उतरवायला दिलेलं डेक्सामेथासोन त्याची वाट आणखी अडवू शकतं.

लस मात्र जंतूला नाकातच ठाण मांडू देत नाही. अमेरिकेत 2000 साली लस आल्यावर तिच्यातले प्रतिरोधी प्रकार घटले, मग लसीत नसलेला 19ए हा प्रकार बोकाळला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या दहा प्रकारांविरुद्धच्या लसीत 19ए आहे. भारताच्या लसीकरण कार्यक्रमात न्यूमोकोकसची लस 2017 पासून टप्प्याटप्प्याने आली आणि 2021 मध्ये देशभर पोचली. सहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात व नवव्या महिन्यात ती सरकारी केंद्रांत मोफत मिळते.